दोन गेटांचा कुत्रा

ती घटना विसरावी म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि आठवली की आधी चीडच येते. खून नाही, दरोडा नाही. एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी गोळा केलेल्या पैशांची साधी तक्रार. नोकरीत निर्ढावलेले गुन्हेगार पुष्कळ पाहिले, पण त्या तीन दिवसांत चांगल्या माणसांनी माझ्या डोक्याला जो ताप दिला, तो त्यांच्यापैकी कुणी दिला नाही. त्या चांगल्या माणसांत मीही होतो, ते पुढे सांगतो.

मी तेव्हा भोसरी भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. बुधवारी सकाळी हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेव्हा एक बाई आल्या. राहायला वाकडला, शिकवायला ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. आधी त्या घराजवळच्या ठाण्यात गेल्या होत्या. पैसे मागणारे भोसरीचे, हद्द आमची नाही, असं म्हणून तिथल्यांनी हात वर केले आणि इकडे पाठवून दिलं. बाई आधीच वैतागलेल्या होत्या.

त्यांनी मोबाइलवर दोन मेसेज दाखवले, दोन वेगळ्या ग्रुपवर आलेले. एकात 'आमच्या राजाला वाचवा', दुसऱ्यात 'आमच्या बंड्याला वाचवा'. माणसं वेगळी, खाती वेगळी, डॉक्टरही वेगळे. पोटातली गाठ मात्र दोन्हीकडे होती, आणि ती फुटायच्या आत, दोन-चार दिवसांत, ऑपरेशन झालं नाही तर कुत्रा जाणार हेही दोन्हीकडे होतं. बाईंनी दोघांनाही पैसे पाठवले, आणि मग त्यांना फोटोतला फाटका डावा कान ओळखीचा वाटला. राजा आणि बंड्या हा एकच कुत्रा होता.

दया आली की माणूस विचार न करता खिशात हात घालतो, आणि त्यावर जगणारे लोक मी बघितले होते. त्यामुळे मी दहा मिनिटांत दोन्ही बँकांना खाती गोठवण्याचं पत्र काढलं. जावक क्रमांक पडला, मेल गेला, चहा आला. काम चोख झालं असं मला वाटलं.

मग दोघांना चौकशीला बोलावलं. दोघांचंही उत्तर एकच: शिफ्ट आहे साहेब, सुट्टी मिळत नाही. गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी सकाळी दोघे उगवले, ते माझ्या बोलावण्यामुळे नाही, तर खाती बंद का झाली हे विचारायला.

पहिला बीडकडचा, एका वर्कशॉपमध्ये दिवसपाळीला मशीन चालवणारा. दुसरा भोसरीच्याच जुन्या गावातला, त्या वर्कशॉपच्या पाठीमागच्या गल्लीतल्या कंपनीत रात्रपाळीचा वॉचमन, पन्नाशी उलटलेला. मी दोघांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. कुत्र्याच्या खुणा विचारल्या. दोघांनी त्याच सांगितल्या: डावा कान फाटका, तोंडावरचे केस पांढरे, मागच्या पायाने जरा लंगडतो. डॉक्टरचे कागद मागितले, तर दोघांनीही ते खिशातून काढून टेबलावर ठेवले. दोन दवाखाने, दोन कागद, आजार तोच. आता यातला खोटा कोणता?

शेवटी समोरासमोर बसवलं, आणि तीच माझी चूक झाली. दोघे एकमेकांच्या उरावर बसायचे बाकी राहिले.

"मी काय कुत्र्याच्या नावावर पैसे खायलो का?" बीडवाला म्हणाला. "रोज माझ्या डब्यातली अर्धी भाकर राजाच खातो, साहेब."

"बंड्या पाच वर्सं आमच्या गेटवर झोपतोय," वॉचमन म्हणाला. "ह्यो कोन टिकोजीराव?"

तासभर हे ऐकून माझं डोकं दुखायला लागलं. तक्रारदार बाईंनाही बोलावलं होतं. त्या मध्येच दोघांना पावती विचारायच्या, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोघेही सारखं एकच सांगत होते, की ऑपरेशन कालच व्हायचं होतं, खातं सोडा. मी म्हणत होतो, आधी कुत्रा कुणाचा ते ठरू द्या.

ठाणे अंमलदार म्हणून त्या दिवशी आमच्या एक हवालदार बाई होत्या. डायरीत नोंद घेताना त्यांनी टेबलावरचे दोन्ही फोटो ओढून घेतले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, याचे पाय बघा. आमच्या कुत्रीला सलाईन लावलं तेव्हा पायावरचे असेच केस काढले होते."

मी चष्मा लावला. बीडवाल्याच्या फोटोत कुत्र्याचा पुढचा उजवा पाय भादरलेला, डावा केसाळ. वॉचमनच्या फोटोत दोन्ही भादरलेले. म्हणजे कुत्र्याला दोनदा सलाईन लागलं होतं, दोन दिवशी, दोन दवाखान्यांत. कागद दोन्ही खरे होते. सोमवारी बीडवाल्याने त्याला रिक्षात घालून नेलं, सलाईन देऊन आणलं आणि पैसे जमवायला लागला. मंगळवारी संध्याकाळी तोच कुत्रा दोन गल्ल्यांमधल्या भिंतीच्या भगदाडातून पलीकडच्या गल्लीत आपल्या रात्रीच्या गेटवर गेला, आणि वॉचमनने त्याला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. भादरलेल्या पायाचं वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, मला वाटलं खरूज झाली.

कुत्र्याची दिवसपाळी एकीकडे आणि रात्रपाळी दुसरीकडे होती. पाच वर्षं दोघे त्याला जेवू घालत होते आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मी कपाळावर हात मारला.

बँकेला फोन केला. तिकडचा साहेब शांतपणे म्हणाला, लेखी पत्र पाठवा, वरून मंजुरी येईल, सोमवारी बघू. गोठवायला दहा मिनिटं आणि सोडवायला सोमवार. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि सगळ्यांना जीपमध्ये घातलं.

कुत्रा भगदाडाजवळ पडला होता. आमच्या ठाण्यापासून जीपने बारा मिनिटं. दोघांनी दोन नावांनी हाक मारली. त्याने डोकं उचललं नाही, शेपटी मात्र दोनदा हलवली.

दवाखान्यात आगाऊ रक्कम बाईंनी आणि मी मिळून भरली. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला: वय झालेलं आहे, टेबलावर जाऊही शकतो, मालकाची सही हवी. सकाळपासून 'माझा, माझा' म्हणून घसा कोरडा केलेल्या दोघांपैकी आता कुणी पेन उचलेना. एक जमिनीकडे बघतोय, दुसरा पंख्याकडे. शेवटी संतापाने पेन ओढलं आणि मालक म्हणून मीच माझं नाव, नंबर लिहून सही ठोकली. कुत्र्याच्या नावावर दोघे पुन्हा सुरू झाले, म्हणून लिहिलं 'राजा/बंड्या'.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. गाठ आतल्या आत फुटली होती. कुत्रा टेबलावरच गेला. काल सकाळी आणला असता तर, एवढं बोलून ते थांबले. बीडवाला भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. वॉचमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तक्रारदार बाई मला हळू आवाजात म्हणाल्या, "मी पैसे परत मागायला आले नव्हते हो. फक्त खरं काय ते विचारलं होतं."

तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा मारून अर्ज दप्तरी दाखल केला. मला कुणी जाब विचारला नाही, कारण कागदावर माझं काहीच चुकलं नव्हतं. पण मी तीन दिवस फोटो बघितले, खाती बघितली, जबाब बघितले, आणि बारा मिनिटांवरचा कुत्रा बघायला गेलो नाही. त्यानंतर जेवढी नोकरी उरली, तेवढ्यात कुठलंही पत्र काढण्याआधी मी उठून जागेवर जायचो. हाताखालचे लोक कंटाळायचे. कंटाळू देत.

निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. त्या दवाखान्याचा मेसेज मात्र दरवर्षी न चुकता मोबाइलवर येतो: आपल्या लाडक्या राजा/बंड्याची लस बाकी आहे, कृपया लवकर घेऊन या. पहिल्या वर्षी फोन करून सांगितलं की तो गेला, तुमच्याच टेबलावर गेला, नाव काढा. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली की काढते सर, पण त्यासाठी मालकाला लेखी अर्ज द्यावा लागेल.

अर्ज मी अजून दिलेला नाही.