उसण उतरली

मी सातवीला विज्ञान शिकवते. भूत, भानामती, उतारा असलं कोणी माझ्यासमोर काढलं, की मी दोन वाक्यांत त्याची हवा काढते, आणि त्यावरून माहेरी-सासरी बोलणीही खाते. म्हणून हे लिहायला मला तीन वर्षं लागली... हसलात तरी चालेल.

सासर ताडकळसचं, पूर्णा तालुका. मी पायाळू आहे – म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे समजूत अशी, की पाठीत उसण भरली तर पायाळू माणसानं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा, उसण उतरते. लग्न होऊन आले तेव्हापासून गल्लीतल्या बायका माझ्यापुढे येऊन पालथ्या पडतात. मीही लावते. नाही म्हटलं तर 'मास्तरीणबाईला लय गर्व' हे ऐकावं लागतं, आणि पाय लावायला माझं काय जातं?

मे महिना, बाजाराचा दिवस. सासूबाई बाजारात गेलेल्या. घरी मी, माझे मिस्टर आणि मामा, म्हणजे माझे सासरे. पोस्टातून रिटायर झालेले, वय चौसष्ट. दहाच्या सुमारास मामा ओसरीवर आले ते डावा खांदा धरूनच. सकाळपासून फऱ्यात, खांद्याच्या मागं, उसण भरलीय म्हणाले, हातापर्यंत कळ जायलीय. कपाळावर घाम होता. मला दिसला तो. शाळेत आमचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालं होतं – छातीत, पाठीत, डाव्या हातात, जबड्यात दुखणं, घाम, मळमळ. माणसाला टेकवून बसवा, चालू देऊ नका, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. सगळं पाठ होतं, पोरांकडून घोकूनही घेतलं होतं. पण मे महिन्यात ताडकळसला घाम कोणाला येत नाही?

मी अडले ती भलत्याच गोष्टीवर – सासऱ्याला पाय कसा लावू? मामा तोवर पालथे पडलेसुद्धा. म्हणाले, "लाव माय. कशाला लाजायलीस? पाप लागलं तर मला लागंल."

एकदा लावला, दोनदा लावला. तिसऱ्यांदा माझ्या तळव्यातून काहीतरी वर चढलं... मांडीतून बरगडीत, तिथून डाव्या हातात, मग जबड्यात. छातीवर भरलं पोतं ठेवल्यासारखं झालं. घामानं ब्लाउज भिजला आणि मी भिंत धरून खाली बसले. मामा मात्र उठून बसले, खांदा फिरवून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "उतरली की. साफ उतरली."

मला कळलं हे काय आहे. पाठच होतं ना! मी मोठ्यानं सांगितलं, मला हार्ट अटॅक आलाय. हे तर पांढरे पडले. मामांनीच मला भिंतीला टेकवून बसवलं, मी सांगितलं तसं डब्यातली ॲस्पिरिन काढून चावायला दिली. ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागणार असं कळल्यावर मामा भर उन्हात धावत गेले आणि पलीकडच्या गल्लीतून ओळखीच्यांची जीप घेऊन आले. चौसष्ट वर्षांचा माणूस, धावत. जीपमध्ये बसताना मी म्हटलं, मामा, तुम्हीही चला, दाखवून घ्या. म्हणाले, "मला काय धाड भरली? मी खडखडीत हाय." घर उघडं टाकून कसं जायचं, म्हणून ते मागे राहिले.

परभणीत ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पित्त असेल, टेन्शन असेल, तरी पुन्हा एकदा काढू. दुसऱ्या ईसीजीच्या वायरी छातीला लावलेल्या असतानाच माझं दुखणं थांबलं. कमी झालं नाही – थांबलं, बटण बंद केल्यासारखं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, सव्वाबारा. मला रडू फुटलं. यांना म्हटलं, मामांना फोन लावा. फोन नुसता वाजत राहिला.

घरी पोचलो तर ओसरीवर बायकांची गर्दी. शेजारीण सांगत होती, बाराला तर बोलले माझ्याशी, सूनबाईचा अजून फोन न्हाई आला म्हणाले. आणि थोड्या वेळानं सासूबाई बाजारातून आल्या तेव्हा ते आडवे पडले होते. झोपलेत असं समजून सासूबाईंनी त्यांना उठवलंही नव्हतं बराच वेळ. मी गुडघ्यांवर बसले, छातीच्या मधोमध तळहात ठेवले आणि मोजत दाबायला लागले. तीस. परत तीस. उपयोग नव्हता हे पहिल्या तीसलाच कळलं होतं, तरी थांबता येईना. शेवटी यांनी माझे हात धरले.

नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुखणं थांबलं म्हणजे अटॅक थांबला असं नसतं. मामांचं दुखणं आपोआप कमी झालं असेल, हे मलाही पटतं. पण माझ्यात आलं ते काय होतं? आणि बरोबर सव्वाबाराला कुठं गेलं? आजवर कोणी सांगू शकलेलं नाही, मलाही सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे, की ते दुखणं त्यांच्यापाशी राहिलं असतं तर त्यांनी आणखी तासाभरात आरडाओरडा केला असता, आणि त्या जीपमध्ये ते असते.

सासूबाई घरी येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगतात, "मालकाला शेवटी कायबी दुखलं न्हाई बघा. सूनबाईचा पायगुण." अगदी कौतुकानं सांगतात. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी असते.