लाल बावटा आणि साळुबाई

पिंपळवंडीच्या साळुबाईचा कुणावर म्हणून विश्वास नसे. डेअरीत दूध घालताना मापावरची तिची नजर हलत नसे, अन् जावयानं आणलेले पेढेही ती आधी हुंगून बघे. पोहण्यात मात्र गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साठी उलटली तरी कासोटा मारून ती विहिरीत सूर मारायची. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून आळीतल्या कितीतरी पोरींना तिनंच तरंगायला शिकवलं होतं.

दिवाळीनंतर नात तेजस्विनी तिला समुद्र दाखवायला कोकणात घेऊन गेली. किनाऱ्यावर एका अंगाला लाल बावटा रोवलेला. तिथलं पाणी निवांत, लाटसुद्धा फुटत नव्हती. पलीकडं लाटा फुटत होत्या, तरी सगळी माणसं तिथंच डुंबत होती. शेजारीच बनाना बोटीवाला बसला होता, अन् बावट्यापाशी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस उभा होता.

"तेजे, ही मिलीभगत हाय," साळुबाई म्हणाली. "चांगलं पाणी बंद ठेवायचं, अन् मानसं बोटीकडं हाकायची. तो शिट्टीवाला बोटवाल्याचा पावनाच असनार."

"आज्जे, तो जीवरक्षक आहे. लाल म्हणजे धोका."

"धोका कसला! धंदा हाय त्यांचा."

तेजस्विनी पिशव्या ठेवायला वळली, तेवढ्यात म्हातारी बावटा ओलांडून पाण्यात शिरली. छातीइतक्या पाण्यात गेली अन् पायाखालची वाळूच निसटली. ती जिवाच्या आकांतानं हात मारी, तरी किनारा लांबच जाई. विहिरीनं तिला असं कधी ओढलं नव्हतं.

शिट्टी वाजली. जीवरक्षक फळी घेऊन पाण्यात झेपावला. "आजी, किनाऱ्याकडे नको! आडवं पोहा, पलीकडच्या लाटांकडे!"

समोर वाळू दिसतीय अन् हा आडवं जा म्हणतो! हा आपल्याला बुडवायलाच निघालाय, असं तिला वाटलं. तिनं आणखी जोर लावला. नाकातोंडात खारं पाणी गेलं, दंड भरून आले. शेवटी नाइलाजानं ती आडवी वळली. जरा वेळानं ओढ सैल पडली, अन् त्यानं तिच्या हाताखाली फळी सारली.

वाळूवर टेकल्यावर, दम खात तिनं पहिलं विचारलं, "बोटवाला तुझा कोन?"

"मेव्हणा," तो ओशाळून म्हणाला.

"बघ!" ती रडणाऱ्या नातीकडं वळली.

"बोट मेव्हण्याची आहे, आजी, समुद्र नाही. लाट फुटत नाही ना, तिथूनच पाणी परत आत समुद्रात ओढलं जातं."

तिला पटेना. तिनं दोन रिकामी शहाळी मागवली. एक लाटांत टाकायला लावलं, दुसरं लाल बावट्यासमोर. पहिलं हेलकावत परत पायाशी आलं. दुसरं बघता बघता ठिपक्याएवढं झालं. साळुबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "लई वाईट पानी हाय रं बाबा."

दुपारी तेजस्विनीनं बोटीचा हट्ट धरला. साळुबाईनं तिच्या लाइफ जॅकेटचा एकेक पट्टा ओढून पाहिला, मग बोटवाल्यालाही जॅकेट घालायला लावलं. बोट माघारी येईस्तोवर ती वाळूवर उभीच होती.