गळ्यात घालून बघा

देगलूरच्या बाजारात मडिवाळप्पाचं कटलरीचं दुकान होतं. रिबिनी, पिना, टिकल्या आणि मण्यांच्या बरण्या. त्या बरण्यांमागं बसून त्यांची लेक मंजुश्री मोठी झाली. गिऱ्हाईक तीन बोलींतलं. तेलंगणाकडची बाई 'पूसलु' म्हणून मणी मागायची, औरादकडची कानडीत भाव पाडायची, आणि तांड्यावरची बाई नावच घ्यायची नाही, नुसतं बरणीवर बोट ठेवायची. कुणाला कोणता मणी लागतो ते मंजुश्री गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ओळखायची. 'ही पोरगी माझ्यापेक्षा हुशार निघाली,' असं मडिवाळप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

लग्न होऊन ती उदगीरला आली. नवरा अमरेश भुसार दुकानात, सासू उमादेवी देवपूजेत, आणि मंजुश्रीच्या हाताला दुपारी काम नाही. मग मणी काढले. फोनवर केनियातल्या बायकांच्या ताटाएवढ्या रंगीत गळपट्ट्या बघितल्या, लडाखकडचे निळे खडे बघितले, तांड्यावरच्या कवड्या-घुंगरांची ओवण तर डोळ्यापुढंच होती. ह्यातलं थोडं, त्यातलं थोडं घेऊन तिनं स्वतःचे नमुने बांधले. आधी शेजारणी शिकायला आल्या, मग वर्ग सुरू झाला. उदगीरचा जमला तसं मुखेडच्या एका महिला गटानं बोलावणं धाडलं. आठवड्याला एक दिवस जळकोटवरून जाणारी एसटी धरायची, मुखेडला मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत सतरंजी अंथरायची, दर वेळी एका मुलखाची माळ शिकवायची. बायका 'मॅडम, मॅडम' करत भोवती बसायच्या आणि मंजुश्रीला आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटायचं.

पहिल्याच दिवशी तिनं वर्गाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे, "आम्हा लिंगायतांत विटाळ न्हाई, सुतक न्हाई. गळ्यात लिंग असलं की सगळे सारखे. तवा इथं शिवू नको, सरक, असलं काही चालायचं न्हाई." आणि दुसरी, "माळ सतरंजीवर खोटं बोलते. खरी कशी पडते ते गळ्यात गेल्यावर कळतं. म्हणून झाली की गळ्यात घालून बघायची. लाजायचं न्हाई."

त्या वर्गात गुणाबाई होती. मुखेडजवळच्या वाडीची, शेतकरी घरातली, अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. थोरली जाऊ साखराबाई तिला सोबत घेऊन यायची. खरं तर साखराबाईलाच हौस, आणि एकटं यायला नको म्हणून गुणाबाई. पण हात बघावा तर गुणाबाईचा. कपाळाला बारकी काळी टिकली, हातात दोन-दोन बांगड्या, आणि पदर हमेशा दोन्ही खांद्यांवरून पुढं घेतलेला. आजकाल कपाळावरून बाईचं काही कळत नाही, आणि गळा पदराआड. मंजुश्रीनं कधी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

त्या दिवशी आंध्राकडची माळ होती. बारीक काळ्या मण्यांचे दोन सर, मधून मधून पोवळं. देगलूरच्या दुकानात तिला 'नल्लपूसलु' म्हणायचे आणि ती सवाष्णीनंच घालायची हे मंजुश्रीला कळायच्या वयाआधीपासून ठाऊक. पण फोनवर बघून बघून, कॉलेजातल्या पोरींच्या गळ्यात बघून बघून, काळा मणी तिच्या लेखी आता नुसता एक रंग झाला होता. "ही लग्नाची पोत न्हाई बरं का," तिनं वर्गाला हसत सांगितलं, "ही फॅशनची माळ हाय. नवऱ्याशी काही संबंध न्हाई."

"मग बरं हाय. नवऱ्याशी संबंध न्हाई असं काहीतरी पायजेच गळ्यात," कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली.

गुणाबाई मात्र खाली मान घालून ओवत होती. सगळ्यांनी पोवळी सारख्या अंतरावर घातली, हिनं एका अंगाला गोळा केली. जसा काही शेंगदाण्याचा ढीग कुणी पायानं एका बाजूला सारावा. मंजुश्रीनं माळ उचलली आणि तिचे डोळे लकाकले.

"हे कुठं बघितलंत, ताई?"

"कुठं न्हाई. हात गेला तसं केलं."

"अहो, मला सुचलं नसतं हे! घालून बघा, घालून बघा."

"असू द्या, मॅडम. असंच बघा की."

"असंच कसं? काय सांगितलंय मी?"

आणि मंजुश्री तिच्या मागं गेली, हसत हसत पदर खांद्यावरून सारला, माळ पुढून घेतली आणि मानेवर हूक लावला. फोन काढून समोर धरला, आरशासारखा. गुणाबाईनं बघितलं. हात वर गेला, बोटं पोवळ्यांवर टेकली. एवढंसं हसू आलं. ओठांच्याही आतच राहिलेलं, पण आलं.

खोली गप्प झाली होती. मंजुश्रीला वाटलं, माळ बघून.

"ओ मॅडम!" साखराबाईचा आवाज आला. "काय करायलाव तुम्ही? तिला चालत न्हाई ते."

"म्हंजे?"

"म्हंजे काय, म्हंजे! दीर वारला की आमचा, कावीळ होऊन. कुणी सांगितलं न्हाई का तुम्हाला? काळे मणी घातलेत तिला! गावात कळलं तर लोक काय म्हणतील, शिकायला धाडल्या का नटायला धाडल्या?"

आता इथं मंजुश्रीला बोलायला लई जागा होती. माळच आहे, पोत नाही, असं म्हणता आलं असतं. आमच्यात असलं पाळत नाहीत, हे तर तिनं आधीच सांगून ठेवलेलं. निदान गप्प राहता आलं असतं. पण तिनं खोलीभर नजर फिरवली. खिडकीजवळच्या दोघींनी तोंडाला पदर लावला होता. एक जण डबा आवरायला लागली होती. आणि मंजुश्रीला वाटलं, वर्ग मोडतो की काय.

"सॉरी, सॉरी," ती म्हणाली. आणि तिचे हात गुणाबाईच्या मानेकडं गेले.

हूक केसात अडकला होता. तिनं ओढला. "राहू द्या, मी काढते," गुणाबाई म्हणाली. पण तोवर माळ निघाली होती, दोन केस सोबत घेऊन. हातात माळ, आता ती ठेवावी कुठं? समोर सतरंजीवर नमुने दाखवायला, सोनाराच्या दुकानात असतो तसला काळ्या मखमलीचा, मानेपुरता पुतळा होता. मंजुश्रीनं ती त्याच्या गळ्यात घातली.

"हां," साखराबाई म्हणाली. "तिथं शोभते."

गुणाबाईनं पदर पुन्हा दोन्ही खांद्यांवरून घेतला. वर्ग संपेस्तोवर बसून राहिली, खाली सांडलेले मणी एक-एक करून टिपले, वाटीत टाकले. "येते, मॅडम," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्याला आली नाही. साखराबाई आली, आणि कुणी न विचारताच म्हणाली, "कापूस वेचणी चालू हाय. तिला येळ न्हाई."

घरी मंजुश्रीनं सासूला सगळं सांगितलं, पण बाया जसं सांगतात तसं, आपल्या अंगाला चिखल लागू न देता. उमादेवी अंगणात सुपात तूर पाखडत होत्या.

"त्या साखराबाईनं लई बेइज्जती केली हो बिचारीची, आत्याबाई. चारचौघीत. मला इतकं वाईट वाटलं."

"मग माळ काढली कुणी?"

मंजुश्री सांडलेली तूर गोळा करायला लागली.

"साखराबाईनं?"

"...मी."

सूप थांबलं. "अय्यो शिवा," उमादेवी म्हणाल्या. मग खडे वेचायला लागल्या.

"माझी पोत काढली तवा शेजारच्या गंगम्मानं काढली," त्या खाली बघत म्हणाल्या. "जन्माची मैतरीण माझी. रडत रडत काढली तिनं. पण ती मरेपत्तोर मी तिच्या घरचं पाणी न्हाई पिले. तिचा काय कसूर? कुणीतरी काढायचीच होती. पण मला तिचेच हात दिसायचे."

"पण आपल्यात तर असलं काही..."

"आपल्यात?" उमादेवींनी वर बघितलं. "आपल्यात तोंडानं न्हाई म्हणतेत, आन् हातानं काढतेत. तू काय येगळं केलीस?"

मंजुश्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या सूप घेऊन आत गेल्या तरी ती तिथंच उभी. ज्या हातांचं बायका एवढं कौतुक करतात, ते हात कुठं लपवावेत असं तिला झालं. चहा टाकताना बोटं दिसली. पोळी लाटताना दिसली. दुसऱ्या दिवशी उदगीरच्या वर्गात एका पोरीच्या गळ्यात माळ घालायची वेळ आली, तर तिनं पोरीच्या बहिणीला पुढं केलं.

शेवटी ती वाडीला गेली. मुखेडला उतरून टमटम धरली. ती काळी माळ डबीत घातली होती, आणि काय बोलायचं ते सगळं जळकोटपासून मनात घोकलं होतं. पुढच्या वर्गात सगळ्यांसमोर माफी मागायची. साखराबाईला सगळ्यांसमोर सुनवायचं. माळ सगळ्यांसमोर पुन्हा घालायची. घोकता घोकता तिला थोडं हलकंही वाटायला लागलं होतं.

गुणाबाई घरी एकटीच होती. ओसरीत कापसाचा ढीग, ती त्यातला कचरा काढत बसलेली. मॅडमला बघून गडबडून उठली, चटई टाकली, पाणी आणलं.

"मॅडम, तुम्ही कशाला आलाव इतक्या लांब? आमच्या थोरल्या आक्कांनी सांगितलं न्हाई का, येचणी हाय म्हणून?"

"ताई, मी त्या दिवशीचं..."

"ते जाऊ द्या."

"न्हाई, मला बोलू द्या. मी चुकले. मी सगळ्यांसमोर माफी मागते. येत्या वर्गातच. आणि तुमची माळ—" तिनं डबी काढली.

गुणाबाईनं डबीला हात लावला नाही. ढिगातली एक काडी उचलली, मोडली, पुन्हा मोडली.

"मॅडम, मी रागानं न्हाई थांबले घरी. मला शरम वाटली."

"तुम्हाला कशाची शरम? शरम तर मला—"

"मला गळ्यात पडली ना, तवा बरं वाटलं. लई बरं वाटलं." तिनं एकदम वर बघितलं आणि लगेच खाली. "आन् ते सगळ्यांनी बघितलं. आक्कांनी बघितलं. घरी येऊन म्हणाल्या, कशी हसली होतीस गं. तवापासून मला तोंड दाखवायला नको वाटायलंय."

मंजुश्रीनं डबी खाली ठेवली. तिनं चूक म्हणून जे धरलं होतं, ते माळ काढणं. पण त्या हसण्यावरून आत्ता या घरात रोज काय चालत असेल, ते तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि ते हसू तिनंच फोन समोर धरून सगळ्यांना दाखवलं होतं.

"एक इचारू?" गुणाबाई म्हणाली. "आक्का बोलल्या नसत्या तर काढली असती का तुम्ही?"

"न्हाई."

"मग आक्कांना भ्यालाव?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "हाव," मंजुश्री म्हणाली. "वर्ग मोडंल असं वाटलं."

गुणाबाईनं तिच्याकडं बघितलं, आणि नवल म्हणजे तिला हसू आलं. "मला वाटायचं आक्कांना मी एकटीच भिते."

मंजुश्रीला हसता आलं नाही.

"आता ऐका," गुणाबाई म्हणाली, आणि आवाज बारीकच होता, पण त्यात आता भीड नव्हती. "माफी-बिफी काही मागू नका तिथं. तुम्ही बोलायला लागलाव की सगळ्या पुन्यांदा माझ्या गळ्याकडं बघतील. तुमचं मन मोकळं व्हईल, मला मात्र घरी यायचं असतंय आक्कांसंगट. माळ घेऊन जावा. इथं सापडली तर आणिक एक बोलणं."

"मग मी काय करू, ताई?"

"काय करायचंय? शिकवा. मला शिकायचं हाय. येचणी झाली की येते."

टमटममध्ये मंजुश्री डबी मांडीवर धरून बसली. आली तेव्हाचं ते हलकेपण कुठं गेलं होतं. माफी मागता आली असती तर सुटली असती. आता सुटका नव्हती, आणि सुटका मागण्याचा हक्कही आपला नाही हे तिला कळत होतं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बाई, अंगात कसकस हाय का? तोंड लाल झालंय." ती "हाव" म्हणाली.

आणखी दोन वर्ग गुणाबाईशिवाय गेले. तिसऱ्याला ती आली, साखराबाईच्या मागोमाग, पदर तसाच. "आली का गं नटवी?" कुणी म्हटलं नाही, पण खिडकीजवळच्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मंजुश्रीनं ते बघितलं आणि तिच्या जिभेवर सगळं आलं. साखराबाईसाठीचे शब्द तर धार लावून ठेवलेले होते. तिनं ते गिळले. कडू गोळी चावून गिळावी तसे.

"आज तांड्यावरची ओवण," ती म्हणाली. आवाज कोरडा पडला होता. "कवडी मधी, घुंगरू दोन्ही अंगाला. तंगूसाचा दोरा दुहेरी घ्या, कवडी जड असते."

साखराबाईनं कवडी उलटी धरली आणि सुलटी कशी ते तिघींना विचारून झालं. खोली पुन्हा बडबडायला लागली. अर्ध्या तासानं कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "मॅडम, जरा हिकडं येता का? माझी गाठ सरकायलीय."

मंजुश्री उठून गेली, गुणाबाईच्या पुढ्यात बसली. गाठ सोडली, दोरा ओला करून पुन्हा बांधायला सांगितला. गुणाबाईनं बांधली. "अशी?" तिनं विचारलं.

"हां. अशी. आता ओढून बघा."

गुणाबाईनं ओढून बघितली आणि मॅडमकडं बघितलं असावं; मंजुश्री मात्र गाठीकडंच बघत राहिली, मान वर करायचं तिला काही केल्या जमेना.