सुभेदारांच्या टाकीतला गाळ

गाळ किती ते बघायला मी सोडलेला बांबू टाकीत अर्ध्यावरच अडला. सुभेदार टाकीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"मागल्या खेपेला तू गाळ काढलाच न्हाईस," ते म्हणाले. "वरचं पाणी उपसलंस आन् गेलीस. म्हंजे आमी तुला पुन्यांदा बोलवावं."

ही साठ सालानंतरची, इस्लामपुरातली गोष्ट. मी सफाई खात्यात कामाला होते. सुभेदार पलटणीतून पेन्शनीत आले होते. त्यांनी नवं घर बांधलं, मागे सेप्टिक टँक केला. तोवर बहुतेक घरांत टोपलीचे संडास होते; घाण खालच्या टोपलीत पडायची आणि आम्ही ती उचलून न्यायचो. सेप्टिक टँक म्हणजे जमिनीतली बंद टाकी. घाण तळाला बसते, आतले जंतू ती खाऊन कमी करतात आणि वरचं पाणी पाईपने शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ काही वर्षांनी काढायचा. ही टाकी वर्षाच्या आतच पुन्हा तुंबली होती.

सुभेदारांनी कंप्लेंट केली होती, म्हणून आमचे इन्स्पेक्टरही आले होते. कंप्लेंट खरी ठरली तर माझी नोकरी जाणार होती. घरात कमावणारी मी एकटी.

"खरं सांग सखू, गाळ ठेवलावतास?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"तळ खरवडलावता साहेब. इटा दिसत हुत्या."

"कुणी बघितलं?"

"कोण बघतंय? वास आला की समदी दारं लावून घेत्यात."

माझा संशय गवंड्यावर होता. विटांची भिंत खचून बाहेरची माती आत येत असणार. सुभेदार म्हणाले, "मी सोता हुबा राहून बांधून घेतलीया." मग त्यांना शेजाऱ्याचा संशय आला. त्यानंच चोरून पाईप जोडला असंल, म्हणाले. इन्स्पेक्टरांचा कुणावरच विश्वास नव्हता.

मी बादलीभर गाळ काढून परसात ओतला. घट्ट, काळपट, बोटांत कचकचणारा. मैल्याचा गाळ असा नसतो.

तेवढ्यात सुभेदारांची म्हातारी आई घमेलं घेऊन बाहेर आली. घमेल्यात चुलीतली राख होती.

"आधी झाका ती घाण," ती म्हणाली. "संडासात मी रोज टाकती. हितं कोण टाकायचं?"

मी बोटांतला गाळ पुन्हा चोळून बघितला: राखच ती, जंतू ती खात नाहीत.

"रोज?" सुभेदारांनी विचारलं.

"व्हय. जाईन तवा घमेलंभर. टोपलीच्या संडासावर टाकत न्हवतो व्हय? उघडी घाण घरात ठेवायची म्हंतोस?"

"आगं आई, ती पाण्यानं वाहून जाती."

"कुठं जाती? हितंच तर हाय की."

इन्स्पेक्टरांनी कंप्लेंटवर तिथल्या तिथे काट मारली. सुभेदार मला एवढंच म्हणाले, "ऱ्हायलेला गाळ काढ." मी काढला. या वेळी ते शेवटपर्यंत उभे राहिले, नाकाला टॉवेल लावून.

तेव्हापासून कुठल्याही घरी टाकीचं झाकण उचलण्याआधी मी विचारत असे, घरात म्हातारं माणूस कोण आहे, आणि ते संडासात काय टाकतं. सगळे सांगत, काही नाही. मी ते कधी खरं धरलं नाही.