घरगाडीची डावी बाजू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाडीच्या मागच्या काचेचं रबर बदलणं. हे काम एकट्याने होत नाही. जुनं रबर कापून काढायचं, चौकट पुसायची, नवीन रबर काचेला चढवायचं आणि त्याच्या खाचेत सगळीकडून दोरी भरायची. मग एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची. दोरी निघते तशी रबराची कड चौकटीवर उलटते आणि काच बसते. साबणाचं पाणी लावलं की सोपं जातं.

मी बाहेर, बायको आत.

"ओढू का?"

"थांब. मी सांगतो."

"अहो, तुम्ही सांगेपर्यंत संध्याकाळ होईल."

"कोपऱ्यात आली का दोरी?"

"आली. तुम्ही दाबा. नुसते काचेतून माझ्याकडे बघू नका."

काच बसली. मी वरून बादलीभर पाणी ओतलं, ती आत कडेकडेने हात फिरवत बसली. थेंब आला नाही. "झालं एकदाचं. आता माझी उशी भिजायची नाही," म्हणाली. मग वर जाऊन चहा केला. साखर कमी होती. मी बोललो. तिने आणून टाकली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, काल तर दोरी ओढत होती. ते म्हणाले, होतं असं. 'होतं असं' हे मी गॅरेजमध्ये कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. तिथे ऐकून घेतलं.

गाडीबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मार्केट यार्डात आयुष्यभर टेम्पो चालवला. कांदा, बटाटा, सीझनला द्राक्षं. शाळा सातवीपर्यंत, तीही धड नाही. टेम्पो सोडल्यावर घरी बसून तिच्या अंगावर वस्कन जायला लागलो, तेव्हा तीच म्हणाली, काहीतरी चालवायला घ्या. एक जुनी छोटी व्हॅन मिळाली. पूर्वी शाळेची पोरं नेणारी. आतल्या सीटा काढल्या, सुताराकडून एक बाकडं करून घेतलं. दिवसा बसायचं, झोपताना फळी ओढली की पलंग. छोटी शेगडी, पाण्याचा ड्रम, एक पंखा, पडदे. 'घरगाडी' हे नाव तिचं. त्या गाडीत बसून आम्ही गाणगापूरला गेलो, औदुंबरला गेलो, कोकणात उतरलो. देवळाच्या आवारात नाहीतर पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावायची, ती पिठलं टाकायची. लॉजवाल्याला विचारायचं नाही, नातेवाइकाकडे उतरायचं नाही. मला ते फार आवडायचं. माणसांवर माझा विश्वास कमीच.

जुनी गाडी घरासारखी धरली की दोन्हींची दुखणी मागे लागतात. इंजिन ठीक असेल तर पत्रा गंजतो, पत्रा जोडला तर खालचं प्लायवूड फुगतं. उंदराने वायरी खाल्ल्या. गॅसची नळी मी दर वर्षी बदलायचो, फाटो न फाटो. आणि प्रत्येक भागावर लाल रंगाचा ठिपका. बॅटरी, स्टेपनी, जॅक, अगदी वायपरसुद्धा. गॅरेजला गाडी टाकली की चांगलं काढून जुनं बसवतात, हे मी यार्डात पाहिलेलं होतं. ठिपका असला की ओळखता येतं. ती म्हणायची, "गाडीला कुंकू लावून झालं असेल तर जेवायला चला." भवानी पेठेतला आमचा मिस्त्री, त्याचे वडीलही तिथेच मिस्त्री होते, तो तर माझ्या तोंडावर म्हणायचा, "काका, मलापण एक ठिपका लावा. रात्री कोणी बदलून नेलं तर?" मी हसायचो नाही.

ती गेल्यावर मुलगा माझ्याकडे राहायला आला. तो खराडीला कॉम्प्युटरसमोर बसतो, तिकडेच त्याचं घर. इथे विश्रांतवाडीत आल्यावर दिवसभर फोन कानाला. मी समोर गेलो की "नंतर बोलतो" म्हणून ठेवायचा. असं दोन-तीनदा झाल्यावर मला शंका आली.

मग एके दिवशी खाली गेलो, तर एक अनोळखी माणूस आमच्या गाडीच्या टपावर चढलेला. हातात टेप. मुलगा खालून आकडे मोबाईलमध्ये घालत होता.

"कोण रे हा?"

"बाबा, तुम्ही वर जा ना. मी सांगतो नंतर."

"आत्ता सांग. माझ्या गाडीच्या डोक्यावर माणूस उभा आहे."

"सोलर पॅनल बसवायचंय. त्याचं माप घेतोय. बॅटरीपण चेंज करू, छोटा फ्रिज टाकू. गाडी अपग्रेड करून घेऊ सगळी."

आईचं अजून दहावं झालेलं नाही आणि याला फ्रिज सुचतोय. मी लहानपणी गावच्या बाजारात पाहिलंय, बैल विकायचा असला की आदल्या दिवशी त्याची शिंगं रंगवतात. मी टपावरच्या माणसाला म्हटलं, "उतर. आणि पाय कुठे ठेवतोस बघ, पत्रा बसेल." तो उतरला. मुलाने घाईघाईने मोबाईल खिशात घातला. त्यामुळे याला गाडी विकायचीय, अशी माझी जास्तच खात्री झाली.

दुपारी मिस्त्रीचा फोन. आधी तिच्याबद्दल बोलला, ते मनापासून असावं. मग म्हणाला, "काका, गाडी कधी आणताय? तुमच्या मुलाचा फोन आला होता."

"काय म्हणाला तो?"

"सगळी तपासून घ्या म्हणाला. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग."

"आणि गिऱ्हाईक कोण आहे?"

"गिऱ्हाईक? काका, तुम्ही जेवलात का?"

मी फोन ठेवला. आता हे दोघे एक झाले होते. मी गाडीची चावी खिळ्यावरून काढली आणि कंबरेच्या करगोट्याला बांधली.

मला पोराला गाडी द्यायची नव्हती हे उघड आहे. पण त्याहून एक गोष्ट आत टोचत होती. तिला काय वाटत होतं? ती कधी म्हणाली नाही की गाडी ठेवा, कधी म्हणाली नाही की काढा. मी 'निघायचं' म्हटलं की ती डबे भरायची. माझ्यासाठी भरायची की तिलाही जायचं असायचं, हे मी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय नव्हती. मुलगा जर म्हणाला असता की आईलाच गाडी नको होती, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो? म्हणून मी त्याला काही विचारतच नव्हतो.

दहाव्याला नदीवर गेलो. मुलगा, मी, माझी मेहुणी म्हणजे तिची धाकटी बहीण, आणि चार शेजारी. आंघोळीला सदरा काढला तर करगोट्याची चावी सगळ्यांना दिसली. मुलाने बघितली आणि मान वळवली.

पिंड ठेवले. समोरच्या झाडावर कावळे पुष्कळ, पण एक खाली येईना. गुरुजी सावलीत जाऊन उभे राहिले. म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला. मोठ्याने बोला. मनातलं कावळ्याला ऐकू येत नाही."

मुलगा पुढे झाला. "आई, बाबांना मी सांभाळीन. त्यांना एकटं ठेवणार नाही." कावळा हलला नाही. एका शेजारणीने सांगितलं, "तुळशीला पाणी घालू हो आम्ही." नाही. मग मी हात जोडले आणि म्हटलं, "गाडी विकणार नाही गं. काही झालं तरी नाही." असं म्हणताना मी मुलाकडे बघत होतो, हेही खरं. एक कावळा खाली आला, पिंडाभोवती दोन उड्या मारल्या आणि परत फांदीवर जाऊन बसला. म्हणजे हिला गाडी नकोच होती की काय?

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून घेऊ का? पुढे अजून दोन घरं उभी आहेत."

तेवढ्यात मेहुणी पदर सावरत पुढे आली. "ताई, ते एकटे गाडी चालवणार नाहीत. मी चालवू देणार नाही. तू काळजी करू नकोस."

कावळा आला. एक नाही, तीन आले. भाताचं शीतही ठेवलं नाही.

सगळे हात जोडून उभे, आणि मी मेहुणीच्या हाताकडे बघत होतो. "काय टाकलंस तिथे?"

"पदर होता हातात दाजी. बघायचाय का झटकून?"

परत येताना मुलगा त्याची मोटार चालवत होता, मी आणि मेहुणी मागे. मी गप्प राहणारा माणूस नाही.

"एकटे चालवणार नाहीत म्हणजे काय? हे कुणी ठरवलं?"

"ताईने."

"माझ्यासमोर कधी बोलली नाही."

"तुमच्यासमोर कोण बोलतं दाजी? ती म्हणायची, हे डावीकडे बघतच नाहीत. मी सांगते तेव्हा कळतं त्यांना. मी नसले तर कुणाला तरी घालतील अंगावर."

"चाळीस वर्षं टेम्पो चालवलाय मी. एक ओरखडा नाही."

"टेम्पोवर क्लीनर होता ना?"

"मग? असतोच. आमच्या धंद्यात डावी बाजू क्लीनरची. तो दारावर थाप मारतो, जाऊ द्या म्हणतो, आपण जातो. ड्रायव्हर दोन्हीकडे बघत बसला तर क्लीनरने काय करायचं?"

"तेच तर. ताई तुमची क्लीनर झाली. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

पुढून मुलगा म्हणाला, "बाबा, आईने मलापण सांगितलं होतं. गाडी विका असं नाही म्हणाली कधी. ड्रायव्हर बघ म्हणाली. आणि सोलरचं तिनेच काढलं होतं. पहाटे बॅटरी उतरून पंखा बंद पडायचा, तिला झोप लागायची नाही."

"मग टपावर माणूस चढवायच्या आधी हे सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही चावी कमरेला बांधून फिरताय. काय सांगणार?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. माणूस गेल्यावर त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. ती थोडीच येऊन सांगणार, मी असं म्हणाले नव्हते. दोघांनी ठरवून एकच गोष्ट सांगितली असेल, हेही मनात आलं. कावळ्याचं तर काय, भूक लागली की येतो. घरी पोचल्यावर मेहुणीने भाकरी थापली ती गुपचूप खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर मी चावी सोडली आणि मुलाच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "चल, मिस्त्रीकडे जाऊ. तू चालव. मी बघतो तुला येते का."

तो बूट घालायला लागला. मी डाव्या बाजूच्या सीटवर चढलो. इतकी वर्षं गाडी माझी, पण त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. कशाला बसेन? गादी तिच्या बसण्याने एका अंगाला दबलेली होती. मुलाने गाडी सुरू केली, क्लच अर्धाच दाबला, गिअर कराकरा वाजला. मी म्हटलं, "पूर्ण दाब. ही तुझी मोटार नाही." गेटाबाहेर वळताना तो पुढे वाकून वाकून माझ्या बाजूला बघायला लागला.

"बाबा, तो तुमच्याकडचा आरसा जरा फिरवा ना. मला त्यात नुसतं झाड दिसतंय."

मी आरशाकडे पाहिलं. मला त्यात सगळं दिसत होतं. मागून येणारी शाळेची व्हॅन, दुधाची मोटरसायकल, फुटपाथ, अगदी मागचं चाकही. आरसा वाकडा नव्हता. तो या सीटवर बसणाऱ्यासाठी लावलेला होता, आणि त्याचा नट तिथेच गंजून बसला होता, म्हणजे आजकालचा नाही. उजव्या सीटवरून त्यात झाड दिसतं की आभाळ, मला माहीत नव्हतं. मी त्यात कधी पाहिलंच नव्हतं. मेहुणी खोटं बोलली नव्हती.

"बाबा? फिरवताय ना?"

"नाही. राहू दे."

"अहो, मग मी डावीकडचं बघू कसं?"

"तू पुढे बघ. डावीकडचं मी सांगतो."

मागून एक रिक्षा आत घुसत होती. मी काच खाली केली, हात बाहेर काढून दारावर थाप मारली.

"थांब. रिक्षा आहे. थांब म्हणतो ना... गेली. आता मोटरसायकल. जाऊ दे तिला. हां. आता घे."