अरुळमेरीचं तेल

चिन्नपालमच्या किनाऱ्यावर अरुळमेरीला मान होता तो तिच्या तेलामुळे. समुद्रात बुड्या मारून शेवाळ उपटणाऱ्या बायका दुपारी वर यायच्या त्या कान धरूनच. ही लसूण घालून खोबरेल कढवायची, एकेकीचं डोकं मांडीवर घ्यायची आणि कोमट थेंब कानात सोडायची. कुणी नको म्हटलं की हिचं नाक फुगलंच. "हो बाई, आता तुम्हाला बाटलीतलं औषध लागणार!"

धाकटी नणंद सहायराणी तिच्याच बोटीवर. तिचा कान असा ठणकू लागला की पाळीला बोट लागलं तरी ती कळवळायची. रामनाथपुरमच्या डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले आणि बजावलं, बुड्या बंद, कान कोरडा ठेवायचा, आत दुसरं काही घालायचं नाही. पण वहिनी रुसेल म्हणून बाईनं औषधाची बाटली पेटीत दडवली आणि मुकाट्यानं मांडीवर डोकं ठेवलं. अरुळमेरीनं आठवडाभर मन लावून तेल घातलं.

पू वाहू लागला तेव्हा दोघी डॉक्टरांकडे गेल्या.

"पडद्याला भोक पडलंय. काही घालू नका म्हणून सांगितलं होतं ना? ओल्या, सुजलेल्या कानात काय घातलंत?"

अरुळमेरीला हे सगळं तिथं पहिल्यांदा कळलं. ती तोंड उघडणार, तोच सहायराणी म्हणाली, "हेअरपिननं कोरला."

गावातही तिनं हेच सांगितलं. त्या कानानं ऐकू येणं गेलं, बुड्या संपल्या. आता ती किनाऱ्यावर शेवाळ वाळवते. अरुळमेरी रोज औषधाची बाटली मुठीत धरून कोमट करते, तिला कुशीवर निजवते, थेंब आत उतरेपर्यंत हलू देत नाही. आपल्या तोऱ्यापायी पोरीचा कान गेला, या विचारानं तिला घास गिळवत नाही. तेल मागणाऱ्यांना मात्र ती "लसूण संपली" एवढंच सांगायची.

परवा गावातली नवी सून पुनिता डोळे पुसत आली. "अक्का, फार ठणकतोय. लसूण मीच आणलीय बघा."

किनाऱ्यावर शेवाळ वाळवणाऱ्या सगळ्या खो खो हसल्या. अरुळमेरीनं लसूण तिच्या हातात परत ठेवली.

"तेल नाही घालणार. डॉक्टरकडे चल, मी येते बरोबर. तोवर डोक्यावरून पाणी घेऊ नकोस."

"एवढा काय भाव खाता अक्का?" एकीनं टोमणा मारला.

"सहायराणीनं हेअरपिन घातलीच नव्हती," अरुळमेरी खाली मान घालून म्हणाली. "माझ्या तेलानं गेला तिचा कान."

पलीकडे पाठमोरी बसून शेवाळ उलटणाऱ्या सहायराणीला कळेना, सगळ्या एकदम गप्प का झाल्या. चांगला कान पुढे करत तिनं विचारलं, "काय म्हणालीस वहिनी? जरा मोठ्यानं बोल की."

मग अरुळमेरीला तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.