मावशी, तिची शेळी आणि पेशींचं मरण

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर येताच मावशी पहिलं वाक्य बोलली, "माझी शेळी धाकट्या जावंला द्या." गोवऱ्या कुठे थापायच्या यावरून दोघींचा अबोला होता. आता शेवटचीच इच्छा म्हटल्यावर आम्ही सगळे रडलो. जाऊ तर धाय मोकलून रडली आणि रडत रडत शेळी घेऊन गेली.

पण मावशी काही मरेना. भूक वाढली, आवाज वाढला, धारूरच्या बाजारात कासाराशी भांडून आली. रोज कुंपणापलीकडे शेळी दिसली की तिचा जीव नुसता जळायचा.

दिवाळीला मी गेले. मी पुण्याला प्रयोगशाळेत पेशींच्या मरणाची जनुकं अभ्यासते. गावाने त्याचा अर्थ लावला होता की पोरगी कोण कधी मरणार ते सांगते. मावशीने मला चुलीपुढे बसवलं.

"पेशीची वेळ भरली की जनुकं तिला मरायला सांगतात," मी म्हणाले. "कॅन्सरच्या पेशी ऐकत नाहीत."

"म्हंजे माझ्यावानीच. मरायचं ठरलं अन् मरंना!"

"आजार कुणाला उलटेल, याचा त्या जनुकांवरून अंदाज येतो का, ते आम्ही बघतोय."

"मग माझा बग की. शेळी परत मागू का नको, येवढंच सांग."

मी वैतागले. "ते खूप पेशंटांचं मिळून असतं गं. एकट्या माणसाचं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. उलटेलही, नाहीही."

तव्यावरची भाकरी करपली तरी मावशीचं लक्ष नव्हतं. ती घाबरली होती, आणि मला माझ्याच अभ्यासाचा राग आला.

एकदम उठून ती कुंपणापाशी गेली आणि जावेला हाक मारली.

"शेळी तुझी ग! पन पोटातली करडं माझी!"

जाऊ शेणाच्या हातांनी तशीच बाहेर आली. "संक्रांतीपातूर व्याईल ती."

"व्याऊ दे. तवर मी हाय."

"मग करडं न्यायला तुमी सोता यायचं, आक्का! दुसरं कुनी आलं तर एक बी देनार न्हाई!" जाऊ ओरडली आणि शेणाच्या हातानेच डोळे पुसायला लागली.